लूम बंदचा वार

होटगी रोडवरच्या हॉटेलात
अन्नानं मला मुद्दाम आणलं,
घरी बायका ऐकतात म्हणून.
भर दुपार. आत एसी इतका
की बाहेरचं चव्वेचाळीस
काचेला नाक लावून उभं.

दिवे मात्र रात्रीचे.
मेनूकार्ड वाचायला अन्नानं मोबाइलची बॅटरी लावली
तेव्हा बारच्या काउंटरवरची दोन डोकी
आमच्याकडं वळली.

वेटरच्या छातीवर नाव : रेवणसिद्ध.
त्यानं विचारलं, हार्ड की सॉफ्ट.
अन्ना म्हणाला, सूप.
मी म्हणालो, क्वार्टर.
मग अन्नाकडं बघून : नाइंटी.

नॅपकिन पंख्यासारखा ग्लासात खोचलेला.
अन्नानं उपसला, पसरला,
अंगठ्यानं काठ चाचपला,
बॅटरीसमोर धरून धागे मोजले.
"आपला नाही बे. बाहेरचा माल."
आणि मांडीवर न घेता
पुन्हा घडी घालत बसला.
पंखा काही जमला नाही.

आम्ही दोघंही ओरडूनच बोलतो.
सोळा लूमच्या खडखडाटात वाढलेली माणसं,
हळू बोलायला शिकलोच नाही.
त्या गारगार शांततेत
आमची वाटणी सगळ्या टेबलांना कळली :
शेड त्याची, अक्कलकोट रोडचा प्लॉट माझा,
जेकार्ड विकून टाकायचं,
आणि बँकेचं...
इथं कुणीतरी गाण्याचा आवाज वाढवला.
आम्ही आमचा वाढवला.

घरी आम्ही तेलुगू बोलतो.
भांडायला मराठी बरी पडते.
पण आकडे अजून
नाना कांड्या मोजायचे तसेच येतात तोंडात :
पदहारू.
एनिमिदी. एनिमिदी.
सोळाचे आठ आणि आठ.
किती सरळ गणित,
बीमवरचा ताणा मधोमध कापावा इतकं.

मग सुकं मटण आलं, कडक भाकरी आली,
शेंगाचटणीची बोटभर वाटी.
"चटणीचे वेगळे पैसे लावतात काय?"
अन्नानं रेवणसिद्धला विचारलं, ओरडूनच.
तो म्हणाला, नाही मालक.
मालक म्हटल्यावर अन्ना थोडा सरळ बसला.

नळी त्यानं माझ्या ताटात टाकली.
सवयीनं.
आणि मग दोघंही
त्या नळीकडं बघत राहिलो,
यादीत लिहायची राहिलेली एखादी वस्तू असल्यासारखं.
मी ती चोखली,
पण पार गार झाल्यावर.

बिल आलं काळ्या पाकिटात, बडीशेपेसकट.
मी पाणी प्यायलो.
आजवर असंच. गड्ड्याच्या जत्रेतली भजी असोत
की माझ्या लग्नाची कापडं,
अन्ना खिशात हात घालतो
तेवढा वेळ मी पाणी पितो.

ग्लास रिकामा झाला.
पाकीट तिथंच.
अन्ना चष्मा पुसत होता
त्याच बाहेरच्या नॅपकिननं.

"अर्धं अर्धं करू, तम्मी."

इतक्या हळू म्हणाला,
काउंटरवरच्यांना ऐकू गेलं नसेल.
रेवणसिद्धलाही नाही,
त्यानं "काय मालक?" म्हणून विचारलं.
मला ऐकू आलं.
मीच मोठ्यानं सांगितलं त्याला, अर्धं अर्धं.

त्यानं ऑर्डरच्या चिठ्ठीमागं भागाकार केला.
एक रुपया उरला.
तो कुणाच्यात धरायचा, हे त्यानं विचारलं नाही,
शहाणा माणूस.

बाहेर डांबर मऊ झालेलं.
स्कूटर एकच. चावी त्याच्याकडं,
आणि मी नाइंटी घेतलेली.
सीट भाजत होती, तरी बसलो मागं.
त्याच्या खांद्याला धरायचं
की पाठीमागच्या कडीला,
सात रस्ता येईपर्यंत
ठरलं नाही.