सव्वापाच फुटांचा पलंग

वाघोलीत, खाणीच्या पलीकडे,
सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मी टेपनं मोजला होता.
सव्वापाच फूट.
खोली ऐसपैस दिसावी म्हणून
सुताराकडून मुद्दाम आखूड करून घेतलेला.
चौकटींना दारंही नव्हती, दारं जागा खातात.

माझ्या फॉर्मात पलंगाला रकाना नव्हता.
मी व्हॅल्युअर. चौरस फूट गुणिले दर,
खाली सही, शिक्का.
दर कुठून आणायचा? शेजारच्या इमारतीवरून.
शेजारच्या इमारतीचा मीच काढला होता,
ह्या इमारतीवरून.

खुटवडला फाइलमागे कमिशन.
फोनवर म्हणायचा,
"साहेब, बासष्ट लाखांत बसत नाही हो,
अडुसष्ट करा ना, लग्न अडलंय पोरीचं."
मी पासष्टवर थांबलो.
थांबलो, ह्याचं त्या रात्री
केवढं समाधान वाटलं मला!

आसावरी ढमढेरे, हिंजवडीत टेस्टिंगला.
चुका शोधायचाच पगार होता तिचा.
तिनं एवढंच विचारलं,
"ताब्यापर्यंत हप्ते बिल्डर भरणार ना?"
भरणार, म्हणाले चौघं.
चौघांची घरं त्या एका शब्दावर चालत होती.
एक मीही.

मग फाइल गेली.
कंपनीनं हजार फायलींचा गठ्ठा बांधून विकला,
घेणाऱ्यानं पुढे विकला.
मंडईत पाटीत वरची अंजिरं निवडून लावतात,
खालची कुणी उचकत नाही,
कारण संध्याकाळच्या आत पाटी दुसऱ्याची होणार असते.
आणि भाव तर वाढतच होते.
ज्यांना राहायचं नव्हतं त्यांनीही
तीन-तीन बुक केले होते, चौथ्याला विकायला.

चौथा आला नाही.

सातव्या स्लॅबला काम थांबलं.
हप्ते त्याच्या आधीच.
आसावरी खराडीत भाडं भरते,
आणि वाघोलीतल्या हवेचा हप्ता,
तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरच्या.

आज पुन्हा मलाच पाठवलंय. लिलावासाठी.
तोच फॉर्म, वर "जप्ती" एवढं नवीन.
लिफ्टच्या खड्ड्यात हिरवं पाणी.
सॅम्पल फ्लॅटच्या काचा गेल्यात, पलंग आहे.
वॉचमन चहाला गेला तेव्हा
मी बूट काढून आडवा झालो.

गुडघे पोटाशी घेतले
की बसतो माणूस.

दराचा रकाना अजून कोरा आहे.
शेजारच्या इमारतीचा दर विचारायला
खुटवडला फोन लावलाय,
उचलत नाही.