बोट उठत नाही

सांगलीत, स्टँडसमोर, झेरॉक्सच्या शेजारी
मी कार्डात गाणी भरून द्यायचो.
दोन जीबी तीस रुपये, चार जीबी पन्नास.
कुठली पाहिजेत विचारलं तर म्हणायचे,
भर की, मावतील तेवढी.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला मोठ्या आवाजाची,
कवठेमहांकाळच्या नवरदेवाला वरातीची,
आणि एका मास्तरांना कधीतरी रेडिओवर ऐकलेलं एक,
ज्याची फक्त मधली ओळ त्यांना येत होती.
ती त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर
मान खाली घालून गुणगुणून दाखवली.
ते गाणं मला सापडलं नाही.
कार्ड भरून दिलं, पैसे घेतले नाहीत.

रात्री नेट स्वस्त पडायचं.
शटर अर्धं ओढून डाउनलोड लावायचो.
हिरवी पट्टी सरकत सरकत नव्व्याण्णववर यायची
आणि तिथंच थांबायची,
चपला घालूनही उंबऱ्यात बोलत राहणाऱ्या
पाहुण्यासारखी.

अकरा हजार गाणी होती माझ्याकडं.
नीट ऐकलेली किती, ते विचारू नका.

गिटार आली उधारीत.
मिरजेच्या मिशन कंपाउंडातला शमुवेल सातपुते,
त्याच्या डिस्प्लेचे बाराशे राहिले होते.
म्हणाला, ही ठेव, पगार झाला की नेतो.
पगार झाला, बदलीही झाली.
जाताना एवढंच सांगून गेला,
जाड तार वर, बारीक खाली,
आणि प्रार्थनेची एक चाल, तीन कॉर्डची.

खुंटी सैल होती म्हणून मिरजेतच
तंबोऱ्याच्या कारागिराकडं नेली.
त्यानं भोपळ्यावरचा हात धोतराला पुसला,
हिला उलटी करून पोटावर टिचकी मारली.
लाकूड नव्हं, पुठ्ठा हाय, म्हणाला.
पण बोलती केली तर बोलंल.

मग धडे डाउनलोड केले.
चाळीस धडे एका रात्रीत फोनात उतरले.
पहिला बोटांत उतरेपर्यंत दिवाळी उलटली.
एफ नावाची एक कॉर्ड असते,
एकाच बोटानं सहाच्या सहा तारा दाबायच्या.
मी दाबायचो,
डबा जिन्यावरून गेल्यासारखा आवाज यायचा.
आई आतून म्हणायची,
एक तर दार लाव, नाहीतर गाणं लाव.

बोटं सोलली, फोड आले, फुटले,
कातडी निबर झाली.
तोवर गाणी ज्याच्या त्याच्या फोनात आपोआप वाजायला लागली.
कार्ड घेऊन कुणी येईना.
मी आता कव्हरं विकतो, काचा बसवतो.

परवा रेशनला गेलो.
उजवा अंगठा सोल्डरिंगनं भाजलेला,
दुकानदार म्हणाला, डावं बोट लाव.
लावलं. लाल दिवा.
दुसरं. लाल. तिसरं. लाल.
मागं बायाक्का लोखंडे, हळदीच्या गोदामातली.
हळकुंडं निवडून निवडून
तिचं तर दहातलं एकही उठत नाही.
तुझं काय रं झालं, म्हणाली, कसलं काम करतोस?
काम नाही मावशी, गिटार.

तिनं माझं बोट पिवळ्या चिमटीत धरलं,
सौद्यात माल बघावा तसं
नखानं दाबून बघितलं.
पक्कं झालंय, म्हणाली.

ओटीपीसाठी रेंज नव्हती.
दोघं पायरीवर बसलो, रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन.
मग किती गाणी येत्यात?
साडेतीन, मी म्हणालो.
अर्धं कसलं?
मधली एकच ओळ येते.
पुढचं-मागचं कुणाकडंच नाही.
मग तेवढीच वाजव की.

गिटार घरी होती.
मी डाव्या हाताची बोटं पिशवीच्या बंदावर ठेवली,
एफ धरला,
दाबला.
तेवढ्यात ओटीपी आला.
आधी तिचा.