टायरच्या दुकानातलं इतिवृत्त

लुआंश्या. शनिवार, दुपारचे तीन.
हजर : अकरा माणसं, एक कोंबडी.
कोंबडी कपेंब्वाची. हाकलली, परत आली,
म्हणून नोंदवतो.
गैरहजर : बेनादेता.

खाण चालू होती तेव्हा पाळीची हजेरी मीच घ्यायचो.
तोच हात, तीच लाल पुठ्ठ्याची वही.
कोण आलं यापेक्षा
कोण आलं नाही हे मला आधी दिसतं.

पाळक कालुबांनी खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवला,
कोळशाने वर लिहिलं : आपल्या नव्या मंडळीची मूल्यं.
आणि आमच्याकडे बघत राहिले,
जणू आम्ही ती खिशात घालून आणली होती.

चिलेक्वा म्हणाला, प्रेम.
मग सत्य, सेवा, पावित्र्य, भराभर आली,
उताराला लागलेल्या चाकासारखी.

न्सोफ्वाबाई पहाटे पिठाचे गोड गोळे तळून विकतात,
फार बोलत नाहीत.
म्हणाल्या, हे चारही शब्द
समोरच्या चर्चच्या फाटकावर सोनेरी रंगात आहेत.
त्याच फाटकाबाहेर माझ्या जावयाची शवपेटी
तासभर उन्हात थांबली होती,
दशमांशाच्या वहीत त्याचं पान कोरं होतं म्हणून.

कोंबडी एका टायरच्या आत जाऊन बसली.

सचिवाने मध्ये बोलू नये, तरी मी विचारलं,
मूल्य म्हणजे किंमतच ना?
तांब्याची किंमत दूर कुठल्या तरी खोलीत ठरायची.
ती पडली त्या आठवड्यात
वहीतली चारशे नावं मी पट्टी लावून खोडली.
रेघ वाकडी येऊ नये, एवढीच काळजी घेतली.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पाळकांनी ‘प्रेम’ पुसायला हात उचलला,
पण पुसलं नाही. म्हणाले,
शब्दाचा काय दोष?
आणि पुठ्ठा उलटा केला.

मागच्या बाजूला लिहिलं ते असं :
दुःखाच्या घरी रात्री जमिनीवर झोपायला
आपल्यातल्या दोघी जातील. पाळी लावावी.
पेटीची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे वही नको.
लाऊडस्पीकर नको, मागच्या घरात खोकणारा माणूस झोपतो.
पाळक चुकले तर त्यांना सांगायचं न्सोफ्वाबाईंनी.
(एकमताने. पाळकांचं मत जरा उशिरा आलं.)
विधवेच्या घरातून दीर गादी न्यायला आले
तर आपण दारात बसायचं.
गाणी नकोत, नुसतं बसायचं.

आणि दीर आपल्यातलाच असला तर?
चिलेक्वा पोरगा आहे, सहज विचारून गेला.

यावर अर्धा तास गेला, त्यात शब्द फार थोडे,
म्हणून वहीत जागा मोकळी दिसेल.

मग कपेंब्वा उठला.
गादी माझ्याकडे आहे, म्हणाला.
रेडिओ विकला.
कोंबडीही तिचीच.

ठराव मांडला गेला नाही. सभा मोडली, की सुरू झाली,
काय लिहावं ते कळेना.
साडेपाचला गादी चौघांच्या डोक्यावर,
कोंबडी न्सोफ्वाबाईंच्या काखेत,
रेडिओच्या पैशांसाठी माझी टोपी फिरली, अर्धी भरली.
पुठ्ठा टायरवाल्याने ठेवून घेतला.
सोमवारी पुढच्या बाजूला पंक्चरचे दर लिहायचेत त्याला.

बेनादेताच्या दारावर कपेंब्वानेच टकटक केली.
आतून आवाज आला : कोण?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
मंडळीचं नाव ठरवणं हा विषय
पुढच्या सभेसाठी ठेवला होता.