बारीक अक्षर

न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरून घरी आलो,
हातांना शिंपल्यांचा वास तसाच,
तर टेबलावर कॉलेजचं पत्र.
ओदिलिया म्हणाली, बाबा, आधी कागद बघ, आकडा नंतर.
कागद जाड, साईच्या रंगाचा.

मी आकडाच पाहिला.
चार वर्षं. पुढे व्याज,
जे झोपत नाही, आजारी पडत नाही,
नाताळातही कामावर असतं.
माझी भाची ग्रासा हेच शिकून
मांजरांच्या खाण्याची पाकिटं सजवते,
अन् शनिवार-रविवार बारमध्ये ग्लास पुसते.
हे मी बोललो. बोलायला नको होतं.

ती गप्प. मग बोट ठेवलं
फीच्या ओळीवर:
बघ, आकडा करडा केलाय, बारीक,
भोवती एवढी मोकळी जागा
की डोळा घसरावा थेट हसऱ्या फोटोकडे.
हे कुणीतरी बसून केलंय.
पगार घेऊन.

म्हणजे नोकरी आहे तर, मी म्हटलं.

ती हसली नाही.
पेन्सिल घेतली, विजेच्या बिलामागे
तोच आकडा काढला, काळा, ठसठशीत,
शून्यं इतकी गोल
की मला ती पुसवेनात.

बिल अजून फ्रिजवर आहे.
पत्रावर सही राहिलीय.