पान रंगेपर्यंत

साडेअकराला मनगटाला गुदगुल्या होतात.
उठा, म्हणतं घड्याळ, अडीचशे पावलं बाकी.
मी तेव्हा एका माणसाच्या मोतीबिंदूत असते,
डावा डोळा की उजवा, बिलावर लिहिलेलं नाही,
आणि लिहिल्याशिवाय कंपनी पैसे देत नाही.
तरी उठते.
बाटली मुद्दाम अर्धीच भरते, म्हणजे परत जावं लागेल.
प्रिंटर पलीकडच्या टोकाचा निवडते.
बाथरूम खालच्या मजल्यावरचं.
अशी आडवळणाने जगतेय मार्चपासून,
डॉक्टर अंजारियांनी साखरेचा कागद
टेबलावरून माझ्याकडे फिरवला
आणि विचारलं, दिवसभर बसून असता का?
मी म्हटलं, हो. चांगली नोकरी आहे.

ऐरोलीत ऑफिस, मजला सातवा.
खुर्चीला चार दांड्या,
त्यातल्या एकीचं काम मला अजून कळलेलं नाही.
महिनाभर पावलांची स्पर्धा लागलीये, बक्षीस छत्री.
पहिला नंबर वसुलीतल्या डिसिल्वाचा.
तो फोनवर बोलतो ते येरझाऱ्या घालत.
लोकांनी हप्ते थकवले
की त्याची तब्येत सुधारते.

जिना मला सापडला आगीच्या सरावात.
आता रोज डबा खाऊन उतरते, चढते.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये एक खिडकी आहे, ताटाएवढी.
तिच्यातून तिवरं दिसतात, मग चिखल, मग खाडी,
मग मुलुंडकडचे टॉवर.
ओहोटीला चिखल चकाकतो
नुकत्याच पुसलेल्या लादीसारखा.
त्या लादीवर आई जायची, दिवा गावातून, निवटे धरायला,
गुडघाभर रुतत.
एक पाय काढायचा
तर आधी दुसऱ्याला विचारायचं.

किती लांब होतं गं, मी एकदा विचारलं.
"जाताना पान तोंडात टाकाचं.
रंगलं क खारी आयली."
आणि येताना?
"येताना डोईवर वजन.
तवा पान कोन खातं?"

रविवारी अंघोळीला जाताना घड्याळ तिच्याकडे दिलं.
तिने ते घातलं, बांगड्यांच्या मागे,
आणि तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, अकरा.
केस पुसत आले तर सहाशे बारा पावलं.
ओट्यापासून ती हललीही नव्हती.
गुडघे आता तिला ओट्यापलीकडे फारसे नेत नाहीत.

सोमवारी यादीत मी तिसरी.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
आणि टाळ्यांचीसुद्धा पावलं झाली
ज्यांच्या त्यांच्या मनगटावर.
मी काही बोलले नाही.
भाकऱ्या तर माझ्याच पोटात गेल्या होत्या.

काल खिडकीशी थांबले. ओहोटी होती.
लांबवर कुणी बाई, कमरेला काहीतरी बांधलेलं,
पाय काढत होती, ठेवत होती,
इतक्या सावकाश की आधी मला ती खुंटा वाटली.
मी मोजायला लागले.
सदतिसाला दार धाडकन उघडलं,
डिसिल्वा, कानाला फोन, दोन-दोन पायऱ्या ओलांडत,
"नाही साहेब, आजच, आजच" म्हणत वर गेला.
पुन्हा पाहिलं तर ती तिवरांत शिरलेली.
मनगट म्हणालं,
बराच वेळ हालचाल नाही.

घरी पोचले तेव्हा सहा हजार चाळीस.
आई दारात पाय पसरून तेल चोळत होती.
"कवरं चाललीस आज?"
आकडा ओठांवर होता.
म्हटलं, अर्धं पान.

"मंग थुकू नको," ती म्हणाली,
"रंगू दे."