तीस मिली

रेणापूरच्या भुजंग वायरमनकडून घेतली तेव्हा
तिच्या सायलेन्सरमध्ये एकवीस वर्षांची काजळी होती,
सीटखाली एक टेस्टर, फ्यूजच्या तारेचं भेंडोळं,
चुन्याची रिकामी डबी.
आरएक्स एकशे पस्तीस. चाळीस सांगितले,
अडतीसला तुटली.
"पाठ गेली मपली," एवढंच म्हणाला,
आणि चावी द्यायला पुढं केलेली मूठ
दोनदा मागं घेतली.

अंबाजोगाईत शमशोद्दीन मिस्त्रीनं हेड उघडलं,
सिलिंडरमधून नख फिरवलं. नख अडकलं.
"बोर करना पडता," तो म्हणाला,
"और सुनो, अबसे तेल तुम पिलाना इसकू.
पंप पे भरोसा नक्को."

तेव्हापासून लिटरमागे तीस मिली.
लॅबमधली सिरिंज आणलीय, सुईविना.
आठवडाभर लोकांचं रक्त काचेवर पसरणारा माणूस मी,
रविवारी पहाटे प्लग काढून
अंगणातल्या बल्बखाली धरतो :
पांढरा पडला तर उपाशी पळतेय,
काळा, ओला, तर अजीर्ण.
उकळून उकळून दाट झालेल्या चहाचा रंग असला
की हेल्मेट शोधायचं.

फिल्टरचा स्पंज धुवायचा, सावलीत वाळवायचा,
मग तेलात बुडवून पिळायचा.
"धुतलेलं पुन्हा कशाला मळवता?" पोरगी विचारते.
धूळ त्या मळाला चिकटून बसते, बाई,
आत पिस्टनपर्यंत जात नाही.
तिला पटत नाही. मलाही पटायला एक पिस्टन लागला.

स्पोकवर पाना वाजवत जायचं,
टिंग, टिंग, टिंग, थप.
थप म्हणणाऱ्याला अर्धा पीळ.

मग बुट्टेनाथच्या दरीकडं.
आधी मुरूम, मग दगडगोटे, मग मधेच
कुणाच्या तरी वावराची काळी रेगड,
जी मडगार्डमध्ये घुसून बसली की
चाक जागेवर थांबवते, म्हणून मडगार्ड वीतभर उचललेलं.
बाभळीच्या काट्यांना मात्र इलाज नाही.
पंप, पॅच, सोल्युशन कमरेला,
आणि एक जादा प्लग, चिंधीत गुंडाळून.

पहिल्याच वर्षी उतारावर
ॲक्सिलरेटर मिटून, गिअरमध्ये, नुसती सोडून दिली होती,
वारा खात.
मागचं चाक एकाएकी मुकं झालं.
दगडावर माझ्या कोपराची सालपटं राहिली.
शमशोद्दीननं चिकटलेला पिस्टन हातात फिरवत विचारलं,
"उतार पे बंद रखा ना?
चढाई में नै मरती ये. उतार में मरती.
पेट्रोल बंद, तो तेल बंद.
दो उंगली क्लच पे रखना, बीच बीच में पिलाना."

तेव्हापासून उतरतानाही
मी तिला घोट घोट देतो.
तो थांबत थांबत फुटणारा आवाज
दरीत माझ्या आधी पोचतो.

परवा पल्याडच्या आठ घरांच्या वस्तीपाशी
पिठाच्या हातानं एक बाई धावत आली.
"आला का वायरमन? तीन दिस झाले, डीपी जळालीय."
मी हेल्मेट काढलं.
तिचा चेहरा उतरला. "आवाज तर त्याचाच हाय," म्हणाली,
जणू मी चोरून आणलाय.

पिस्टन नवा. रिंगा नव्या. क्रँकचे सील नवे,
चेन, केबल, जेट, काय काय बदललं होतं मी.

इंजिन तसंच ठेवून भुजंगला फोन लावला.
डीपीचं सांगितलं, वस्तीचं नाव सांगितलं.
पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग, "ते बघतो मी, सायबाला लावतो.
आधी जरा फोन खाली धरा, इंजिनापाशी."
धरला.
"रेस करा."
केली.
"आता सोडा."
सोडली.
"आयडल जास्त ठिवलाय. अर्धा आटा मागं घ्या."

मी गुडघ्यावर बसून स्क्रू फिरवला.
बाई तिथंच उभी होती, हाताचं पीठ वाळत चाललेलं.
"ते खरं," ती म्हणाली,
"पर लाईट कधी येनार?"