मागे न जाणारी गाडी

मागे एकदा, असं म्हणूनच आमच्या घरातली
प्रत्येक गोष्ट सुरू व्हायची,
आणि आजोबांच्या गाडीला नेमकं तेच येत नव्हतं.
तिला मागे जाता येत नसे.

दोन सिलिंडर, दूधगाडीची चाकं,
ब्रेकला लाकडी ठोकळा आणि चामड्याचा पट्टा.
एस्किल टॉफ्टगोर, राहणार युटलंड, लिमफ्योर्डच्या काठी,
धंदा पंपदुरुस्तीचा,
यांनी ती अठराशे नव्व्याण्णव साली केली.
पेट्रोल औषधाच्या दुकानात मिळे,
कपड्यांचे डाग काढायच्या बाटल्यांतून, पाव पाव लिटर.
दुकानदार विचारी, एवढे कसले डाग पडतात हो तुमच्याकडे?
आजी सांगे, नवऱ्याचे.

पहिल्याच रविवारी ते फेरीच्या धक्क्यापर्यंत गेले.
शेजारी आजी, पाठीमागे तिचा भाऊ येप्पे,
टोपी दोन्ही हातांनी धरून.
फेरी सुटून गेलेली.
पुढे पाणी, डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी.
तेव्हा हेरिंग साफ करणाऱ्या सहा बायकांनी
ॲप्रनला हात पुसले
आणि गाडी उचलून फिरवली,
निम्मी गाडी, येप्पेसकट, समुद्रावर अधांतरी.
तिच्या अंगावर मग कितीतरी दिवस खवले चमकत.
आजोबांनी वहीत लिहिलं:
वळण्यास सहा बायका लागतात. सुधारणा करणे.

दुसरी गाडी डॉक्टरांनी घेतली, आणि चार महिन्यांनी परत केली.
सोबत चिठ्ठी: घोड्याचं काय दुखतं ते मला कळतं.
हिचं कळत नाही.
पैसे परत द्यावे लागले.
तिसरीला इंजिन कधी बसलंच नाही.
कुणी विचारलं तर आजोबा म्हणत, कंटाळा आला,
आणि पंप उघडायला घेत.

आम्ही ते खरं धरून चाललो. साठ-सत्तर वर्षं.

सुधारणा झाली होती.
वही मला या वसंतात सापडली, बियाण्याच्या डब्यात.
निळ्या शाईत दातेरी चाकांची जोडी,
मध्ये तिसरं चाक सरकवलं
की सगळं उलटं फिरतं. इतकं सोपं.
पेटंटच्या अर्जाला कोपनहेगनहून आलेली पोच,
फी भरायची शेवटची तारीख अकरा नोव्हेंबर, एकोणीसशे तीन.
त्याच पानात चौघडी केलेली
औषधाच्या दुकानाची पावती, नऊ नोव्हेंबरची.
घटसर्पावरचं सीरम, दोन कुप्या.
रोगी: व्हिगो, वय चार.

व्हिगो माझे वडील.
डेअरीचा हिशेब लिहायचे, आयुष्यभर सायकलवर,
गळ्याला जूनमध्येही मफलर.
त्यांना हे ठाऊक होतं का? कुणास ठाऊक.
एवढं आठवतं, गाडी शिकताना मी
दुधाची व्हॅन रिव्हर्समध्ये थेट चरात घातली,
तर ते इतके हसले, इतके हसले
की बांधावर बसावं लागलं.
डोळे पुसत म्हणाले, आपल्या रक्तातच नाही ते.

काल संग्रहालयाची दोन पोरं आली.
काचेसमोर लावायचं कार्ड त्यांनी आधीच छापून आणलेलं:
उलट गतीची सोय नाही.
मी वही दिली. कार्ड बदला म्हटलं.
बघतो, म्हणाली.
मग दोरखंड बांधून
त्यांनी पहिली गाडी कोठारातून ओढली,
दार एकच, तोंड भिंतीकडे, तेव्हा मागेच.
चाकं कुरकुरली, आणि आली.
सीटखालून एक कोंबडी चिडून बाहेर पडली.

हँडल मी त्यांना दिलं नाही.
हरवलं म्हणून सांगितलं.
वाऱ्याच्या दिवसांत खुराड्याच्या दाराला
तेवढंच अडणी पुरतं.

आणि पावती ठेवून घेतली.
तिच्या तळाशी पेन्सिलीने, दुकानदाराच्या अक्षरात:
तीन क्रोन बाकी.
ते दिले की राहिले,
हे वहीत मला कुठेच सापडलं नाही.